रेडिओला खुर्चीत बसवलं

शिंप्याच्या लेकीला गल्लीत कुणी कधी नावाने हाक मारलेली आठवत नाही. ती रेडिओ. पाळण्यात होती तेव्हाच तिचा आवाज चार घरं ओलांडून जायचा, आणि बोलायला लागल्यावर तर शेजारच्यांनी वर्तमानपत्र बंद करावं की काय, अशी वेळ आली. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा नळ गळतोय, कुठल्या नवराबायकोचा अबोला संपला आणि आधी कोण नमलं, सगळं तिच्याकडे ताजं ताजं मिळायचं.

आता पोरीची एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ती बातमीला तिखटमीठ लावायची, पण बातमी उलटी कधी करायची नाही. भांडण झालं असेल तर "अहो, भयंकर भांडण!" म्हणून डोळे मोठे करील, पण झालंच नसेल, तर कितीही खोदून विचारा, "नाही ना झालं, मी काय करू?" म्हणून हात झटकून मोकळी. गल्लीतल्या काही जणींना तिचा हा दोष फार खटकायचा.

"हिच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा टिकत नाही," आई काज करता करता म्हणायची.

"टिकेल कसा? सतत तोंड उघडंच," शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणायचा. मनातून मात्र त्याला लेकीचं कौतुक होतं. शिवायला आलेलं माणूस मापं देताना कंटाळू नये म्हणून तो तिलाच समोर उभी करायचा. ती बोलत राहायची, गिऱ्हाईक हसत राहायचं, आणि शिंप्याचा टेप खांद्यावरून कमरेवर कधी उतरला ते कुणाला कळायचं नाही.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. घरात मोठं टेबल एकच, कापड बेतायचं. चांगला उजेड देणारा दिवाही एकच, त्याच टेबलावर टांगलेला. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला आणि लग्नाच्या दिवसांत संध्याकाळ झाली की टेबलावर कापडाचे तागे पसरायचे, आणि रेडिओचं पुस्तक टेबलावरून स्टुलावर, स्टुलावरून मांडीवर, मांडीवरून पिशवीत जायचं. मशीनच्या खडखडाटाचं तिला काही नव्हतं. त्यात तर ती जन्मली होती. पण पुस्तक उघडायला हातभर जागा आणि वर उजेड नको? शाळेचं शेवटचं वर्ष, काही महिन्यांवर परीक्षा, आणि बीजगणित काही मांडीवर सुटत नाही.

सार्वजनिक वाचनालय दोन गल्ल्या सोडून होतं. वर मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, प्रत्येकावर दिवा. पण संध्याकाळ झाली की शिपाई चाव्या खुळखुळवत यायचा आणि "चला, चला, आवरा," म्हणत पोरांना म्हशींसारखं हाकायचा. म्हणजे दुकानातलं टेबल जेव्हा भरायचं, नेमकी तेव्हाच वाचनालयातली टेबलं रिकामी व्हायची. रस्त्यावरून वर बघितलं की काळ्या खिडक्या दिसायच्या. रेडिओला त्या खिडक्यांचा असा राग यायचा की ती तिथून जाताना बोलायची बंद व्हायची, आणि ही काही साधी गोष्ट नव्हे.

अशात शाळेत सूचना आली. गावातल्या सगळ्या शाळांतली निवडक मुलं नगरभवनात तीन दिवस जमणार, आणि तिथे प्रतिरूप विधानसभा भरणार. म्हणजे मुलांनीच आमदार व्हायचं, मुलांनीच मुख्यमंत्री निवडायचा, विधेयकं मांडायची, भांडायचं, मतं द्यायची. नागरिकशास्त्र पुस्तकातून उठून खुर्चीत बसणार, असं बाई म्हणाल्या. आणि यंदा त्यात एक गोड भाग होता. नगराध्यक्षांनी जाहीर केलं होतं, की मुलांच्या सभेत जे विधेयक मंजूर होईल, ते नगरपालिका खरोखरीच अमलात आणील.

रेडिओ धावतच घरी आली. "बाबा, वाचनालय रात्रीपर्यंत उघडं राहणार!"

"कुणी सांगितलं?"

"अजून कुणी नाही. मी सांगणार आहे. विधानसभेत."

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या, लेकीकडे नीट बघितलं आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. याचा अर्थ त्याला पटलं होतं.

आता हसरीला आणायला हवं. हसरी म्हणजे दातांच्या डॉक्टरांची मुलगी. बापाच्या धंद्याची जाहिरात म्हणूनच देवाने पाठवल्यासारखी, हसली की सगळे दात एका रांगेत सलामी देणारे. बालवाडीपासून या दोघींची गट्टी. डॉक्टरांच्या बंगल्यात हसरीला स्वतःची खोली, स्वतःचं टेबल, खिडकीत झाड. तरी ही बया रोज संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात येऊन चिंध्यांच्या गाठोड्यावर बसायची. रेडिओ बोलायची, हसरी हसायची. गल्ली म्हणायची, एक गाणं, दुसरी टाळ्या. रेडिओच्या आईने तर हसरीसाठी एक उशी वेगळी शिवून ठेवली होती, गाठोड्यावर टेकायला.

विधेयक दोघींनी मिळून लिहिलं, बेतायच्या टेबलावर, दुपारच्या वेळी, खडूच्या धुळीत. "वाचनालयाचा वरचा हॉल सायंकाळी विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी खुला ठेवण्यात यावा." रेडिओ बोलायची, हसरी सुवाच्य अक्षरात लिहायची.

"तू मुख्यमंत्री हो," हसरी म्हणाली. "तुझ्यासारखं बोलतंय कोण? मी सगळ्यांची मतं गोळा करते. वसतिगृहातली मुलं माझ्या ओळखीची आहेत."

"आणि तू काय होणार?"

"मी? मी तुझी शेपूट," हसरी म्हणाली आणि हसली.

त्याच आठवड्यात हसरीने शिंप्याकडे एक जाकीट टाकलं. निळं, उंची कापड, आत अस्तर, पुढे चार बटणं. "काका, मावशीकडे कार्यक्रम आहे, जरा भारदस्त दिसायला हवं," म्हणाली. मापं घेताना रेडिओनेच तिला हसवलं. बटणंसुद्धा रेडिओनेच लावली, कारण आईची बोटं दुखत होती. आडवे-उभे दोरे घेऊन, मागे छोटी गाठ मारून, मैत्रिणीचं म्हणून जरा जास्तच पक्की.

गल्लीतलं आणखी एक रत्न या सभेत निवडलं गेलं होतं. सायकलवाल्याचा मुलगा, पंक्चर. बापाच्या दुकानात टायरच्या ढिगात वाढलेला, हात कायम काळे, मन स्वच्छ. तोही अभ्यासाला जागा शोधत गल्लीच्या दिव्याखाली पायरीवर बसायचा, आणि किडे वहीवर पडले की त्यांना नावं ठेवायचा. "आपलं विधेयक आहे हे," रेडिओ त्याला म्हणाली होती, "तुझं पण." पंक्चरने काळा हात पुढे केला, तिने तो झटकन हातात घेतला, आणि दोघांचे हात धुवायला रेडिओच्या आईची साबणाची अर्धी वडी गेली.

पहिल्या दिवशी नगरभवनात पोरांची जत्रा. खाली अर्धवर्तुळात बाकं, समोर उंचावर एक मोठी लाकडी खुर्ची, पाठ अशी उंच की बसणाऱ्याचं डोकं मध्येच हरवावं. सगळं शिकवायला एक निवृत्त अधिकारी होते. खऱ्या विधानमंडळाच्या कचेरीत आयुष्य काढलेले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. साहेब मुलांशीही फायलीशी बोलल्यासारखं बोलायचे.

"प्रथम अध्यक्षांची निवड," साहेब म्हणाले. "सभागृह चालवायला अध्यक्ष लागतो. नावं सुचवा."

रेडिओ बाकावर निवांत बसली होती. तिचं सगळं लक्ष पुढच्या मुख्यमंत्र्यांच्या निवडणुकीवर. तेवढ्यात शेजारून हसरी उठली.

"मी माझ्या मैत्रिणीचं नाव सुचवते," ती म्हणाली. "एवढं सभागृह गप्प करायचं तर आवाज हवा. आणि आवाज म्हटला की गावात एकच. रेडिओ!"

सभागृहाने बाकं वाजवली. वसतिगृहातली मुलं तर "रेडिओ, रेडिओ" करून नाचायला लागली. पंक्चरने शिट्टी मारली. रेडिओ लाल झाली. एवढी माणसं आपलं नाव घेतायत, तेही एका सुरात, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला माणसाला शिडी लागत नाही, टाळ्या पुरतात.

"अगं, पण मुख्यमंत्री?" तिने हसरीच्या कानात विचारलं.

"वेडी, अध्यक्ष सगळ्यांच्या वर असतो. मुख्यमंत्रीसुद्धा त्याला विचारून बोलतो."

आणि रेडिओ हो म्हणाली. साहेबांनी दिलेली नियमांची पुस्तिका तिने वाचली नव्हती असं नाही. विधेयक कसं मांडायचं, भाषण कसं करायचं, दुरुस्ती कशी हाणून पाडायची, सगळं पाठ. अध्यक्षाचं प्रकरण तेवढं तिने सोडून दिलं होतं. खुर्चीत बसून घंटा वाजवायची, त्यात वाचायचं काय?

अध्यक्षाला खुर्चीपर्यंत न्यायची एक पद्धत असते. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी त्याला हाताला धरून जागेवर नेऊन बसवायचं. एका बाजूला समोरच्या बाकावरचा एक चष्मेवाला मुलगा आला आणि दुसऱ्या बाजूला हसरी. हसरीने तिचा हात घट्ट धरला, पायऱ्या चढवल्या, त्या उंच खुर्चीत बसवलं आणि खाली उतरताना तिच्या ओढणीचं टोक नीट केलं. रेडिओला वाटलं, मैत्रीण असावी तर अशी.

मग साहेबांनी अध्यक्षाची कर्तव्यं वाचली. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा राहत नाही. अध्यक्षाने विधेयक मांडायचं नाही. अध्यक्षाने चर्चेत भाषण करायचं नाही. मतं समसमान पडली तरच अध्यक्षाने मत द्यायचं, एरवी नाही. आणि सभागृहात कुणालाही नावाने वा टोपणनावाने हाक मारायची नाही. "सन्माननीय सदस्य" म्हणायचं.

एकेक वाक्य ऐकताना रेडिओचं तोंड हळूहळू उघडत गेलं. गावातला सगळ्यांत मोठा आवाज, आणि त्याला भर टाळ्यांत कुलूप घातलं गेलं होतं.

मधल्या सुट्टीत तिने हसरीला कोपऱ्यात ओढलं. "अगं, मला विधेयकच मांडता येणार नाही!"

"मग मी मांडते ना. अक्षर माझंच आहे. तुझंच विधेयक, माझ्या तोंडून. तू फक्त वर बसून ऐक."

"बोलशील नीट? टेबलं, दिवे, सगळं?"

"तुझी शप्पथ."

रेडिओ घरी गेली आणि आईला सांगितलं की मी अध्यक्ष झाले, सगळ्यांच्या वर. आईने विचारलं, "म्हणजे बोलायचं नाही?" आईला असले प्रश्न नेमके कसे सुचतात कोण जाणे. "नाही," रेडिओ म्हणाली. पडद्यापलीकडे मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांची निवडणूक. रेडिओ आता उमेदवार नव्हती, तेव्हा हसरीचं नाव आलं. वसतिगृहातल्या मुलांनी एकगठ्ठा हात वर केले, आणि हसरी निवडून आली. यातही रेडिओला गैर काही वाटलं नाही; उलट तिने घंटा अशी आनंदाने वाजवली की साहेबांनी कानावर हात ठेवला. मग शपथविधी. हसरी बाजूच्या खोलीत गेली आणि तयार होऊन आली.

अंगात निळं जाकीट.

रेडिओने वरून पाहिलं. उंची कापड, चार बटणं, आडवे-उभे दोरे. मावशीकडचा कार्यक्रम. हसरी हात पुढे करून शपथ घेत होती, "मी निःपक्षपातीपणे, निर्भयपणे," आणि रेडिओ मनात मोजमाप करत होती. जाकीट शिवायला टाकलं तेव्हा मुख्यमंत्री कोण होणार होतं? मी. मग हे कुणासाठी शिवलं?

पण विश्वास ही चिवट चीज. दुपारपर्यंत तिने स्वतःलाच समजावलं. असेल मावशीकडचाच कार्यक्रम. आणलं असेल हाताला लागलं म्हणून. माझ्यासाठीच तर झाली ती मुख्यमंत्री, मुख्यमंत्र्याचं विधेयक पटकन मंजूर होतं. त्या संध्याकाळी हसरी दुकानात आली नाही. उशी गाठोड्यावर तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी नगराध्यक्ष स्वतः पहिल्या रांगेत येऊन बसले. शिंप्याने दुकान बंद ठेवलं होतं, ही गोष्ट गल्लीत चर्चेला पुरली. तो आणि रेडिओची आई सज्जात पालकांच्या बाकावर बसले होते. रेडिओने घंटा वाजवली. आवाज असा लागला की मागचे डुलक्या घेणारे दोन सदस्य सरळ बसले. "वाचनालय सायंकालीन विधेयक. सन्माननीय मुख्यमंत्र्यांनी मांडावे."

हसरीने मांडलं. छान मांडलं. एका दिव्याखाली शिवणारा बाप, मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली मुलगी, सगळं सांगितलं. वर सज्जात शिंप्याने मान खाली घातली. रेडिओला हे भाषण नको होतं आणि हवंही होतं. तिचं घर तिच्या परवानगीशिवाय सगळ्या गावापुढे मांडलं होतं, पण काम होणार असेल तर होऊ दे.

मग पंक्चर उठला. काळे हात त्याने आज घासून घासून गुलाबी केले होते.

"अध्यक्ष महोदया, माझी एक दुरुस्ती आहे." तो कागदाकडे बघत होता, वर बघत नव्हता. "'अभ्यासासाठी' हा शब्द वगळून तिथे 'टेबल टेनिससाठी' असे शब्द घालावेत. आणि हॉलमधली टेबलं तळघरात हलवावीत."

रेडिओला वाटलं, याचं डोकं फिरलंय. आता हसरी उठेल आणि याला असा धुईल की बास.

हसरी उठली. जाकिटाचं खालचं बटण सरळ केलं. "अध्यक्ष महोदया, सरकारला ही दुरुस्ती मान्य आहे. तरुणांना व्यायामाची गरज आहे. वसतिगृहातल्या सन्माननीय सदस्यांची ही फार दिवसांची मागणी आहे. आणि दुरुस्ती मांडणाऱ्या सन्माननीय सदस्यांकडे आम्ही क्रीडा खातं सोपवत आहोत."

वसतिगृहाचे बाक गरजले. म्हणजे हा सौदा होता. मतांच्या बदल्यात हॉल, दुरुस्तीच्या बदल्यात मंत्रिपद. पंक्चर मंत्री झाला होता. दिव्याखाली पायरीवर किडे झाडत बसणारा पंक्चर.

रेडिओ उभी राहिली. अध्यक्ष उभा राहिला की सगळ्यांनी बसायचं असतं, म्हणून सगळे बसले. शंभर वेळा बडबडलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं: हे माझं विधेयक आहे. शेजारून साहेब हळूच म्हणाले, "अध्यक्षांनी चर्चेत भाग घ्यायचा नसतो." ती बसली. तिने घंटेवर हात ठेवला, पण ती वाजवावी कुणासाठी, गोंधळ तर तिच्याच छातीत चालला होता.

"दुरुस्ती मताला टाका," साहेब म्हणाले.

अशा वेळी हात मोजत नाहीत. आधी आवाजी मतदान होतं. मान्य असलेल्यांनी एकदम "होय" म्हणायचं, नसलेल्यांनी एकदम "नाही", आणि कुठला आवाज मोठा ते अध्यक्षाने कानाने ठरवायचं. अध्यक्ष सांगेल तो निकाल.

"ज्यांना मान्य आहे त्यांनी 'होय' म्हणावे."

"होय!" वसतिगृहातली मुलं ओरडली. त्यात एक आवाज मंजुळ, दातांतून घासून आल्यासारखा स्वच्छ. आणि एक जरा चिरका, पायरीवर बसून किड्यांना नावं ठेवणारा. गल्लीचे सगळे आवाज रेडिओच्या कानाला पाठ होते. तिला पाहायचीसुद्धा गरज पडली नाही.

"ज्यांना मान्य नाही त्यांनी 'नाही' म्हणावे."

"नाही!" चष्मेवाल्याचा गट ओरडला. काही मुली तिच्याकडे बघून, तिच्यासाठी म्हणून ओरडल्या. आवाज मोठा होता. पण तेवढा नव्हता.

सगळं सभागृह आता तिच्याकडे बघत होतं. तिने "नाहीचं बहुमत" म्हटलं असतं तर? थोडी कुरकुर झाली असती, हसरीने मोजणी मागितलीही असती, कदाचित नसतीही. चष्मेवाला तर मान हलवून तिला खुणावत होता, म्हण, म्हण. सज्जातून शिंपी बघत होता. रेडिओने तोंड उघडलं, आणि जे ऐकलं तेच बाहेर पडलं. पोटात टिकतंय कुठे.

"होयचं बहुमत आहे." आवाज खणखणीत. पद्धतीप्रमाणे ते पुन्हा म्हणायचं असतं. "होयचं बहुमत आहे." आता जरा बसका. "दुरुस्तीसह विधेयक संमत झाले आहे."

गावातल्या सगळ्यांत मोठ्या आवाजात गावाला बातमी दिली गेली की वाचनालयातली टेबलं तळघरात जाणार. तिच्याच तोंडून.

टाळ्या, फोटो, नगराध्यक्षांचं भाषण. "सगळ्यांना बरोबर घेऊन तडजोड करणं, यालाच नेतृत्व म्हणतात," ते म्हणाले, आणि उत्कृष्ट नेतृत्वाची ढाल निळ्या जाकिटाच्या हातात दिली. रेडिओला शिस्तीबद्दल एक पेन मिळालं.

पायऱ्यांवर साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फायलीवर शिक्का मारावा तसा. "छान चालवलंस सभागृह. आज तू खूप शिकलीस."

"काय शिकले, साहेब?"

साहेबांना असा प्रश्न अपेक्षित नव्हता. "राजकारण असंच असतं, बाळ," ते म्हणाले. मग कौतुकाने हसले. "तुझ्या मैत्रिणीला मात्र दाद द्यायला हवी. शिबिराच्या आधीच घरी येऊन विचारून गेली होती, की अध्यक्षाला विधेयक मांडता येतं का, भाषण करता येतं का. मी म्हटलं, नाही. म्हणाली, बरं झालं. केवढी पूर्वतयारी! फार हुशार मुलगी."

रेडिओने पेन बापाच्या खिशात खुपसलं आणि चालायला लागली. म्हणजे तो हात. खुर्चीपर्यंत नेणारा. ओढणीचं टोक नीट करणारा. केसाने गळा कापतात म्हणतात, तो कापायच्या आधी केस विंचरूनही देतात, हे तिला नव्याने कळलं होतं.

वाचनालयापाशी पंक्चरची गाठ पडली. "अगं, खातं दिलं ना मला त्यांनी," तो म्हणाला. "मंत्री म्हणून फोटो काढला. बाबा दुकानात लावणार आहेत."

"छान," रेडिओ म्हणाली.

"तू रागावलीस?"

"दिवा लागलाय बघ पायरीवरचा. बस जा."

पंक्चरचे कान घासलेल्या हातांपेक्षा गुलाबी झाले.

नगरपालिकेने शब्द पाळला. एरवी गटारावरचं झाकण बसवायला वर्ष लावणारी नगरपालिका, पण या वेळी आठवड्याच्या आत हिरवं टेबल आलं. लांब टेबलं तळघरात गेली, दिवे काढून एका कोपऱ्यात रचले. आता संध्याकाळी वाचनालयाच्या खिडक्या झगमगतात, आणि खाली रस्त्यावर टकटक टकटक ऐकू येते. रेडिओ तिथून जाताना आताही बोलायची बंद होते. पूर्वी काळ्या खिडक्यांचा राग यायचा. उजेडाचा राग येणं जास्त वाईट.

शिंप्याने एके दिवशी काही न बोलता बेतायच्या टेबलाचा एक कोपरा खडूने आखून दिला. वीतभर. "इथे कापड येणार नाही," म्हणाला. येतंच. पण सरकवतो बिचारा.

परीक्षा जवळ आली तेव्हाची गोष्ट. दुकानात हसरी आली. उशी कधीच उसवून तिचं कापूस-कापड दुसऱ्या कामाला लागलं होतं, तेव्हा ती उभीच राहिली. हातात निळं जाकीट, खालचं बटण लोंबकळणारं.

"काका, हे सुटलं जरा. बक्षीस समारंभ आहे जिल्ह्याचा."

शिंप्याने लेकीकडे बघितलं. रेडिओने वही बंद केली, जाकीट घेतलं, सुईत दोरा ओवला. नेहमी ती बटण लावताना तीन घरांच्या बातम्या सांगायची. आज दुकानात फक्त दोरा कापडातून जातानाचा आवाज.

हसरीला ते असह्य झालं. "अगं, बोल ना काहीतरी. तीन महिने झाले. चिडायचं तरी किती? नाहीतरी तुझं विधेयक तसंच्या तसं मंजूर झालंच नसतं. निदान हॉल उघडला ना संध्याकाळी? माझ्यामुळेच उघडला. उद्या टेबलंही आणू वर. मी बोलते नगराध्यक्षांशी, आता ओळखतात ते मला."

पडद्यापलीकडून आई म्हणाली, "दातांच्या डॉक्टरांना आमचा नमस्कार सांग हो." म्हणजे आता जा.

रेडिओने मागे गाठ मारली. नेहमीसारखीच, पक्की. वाईट लावायचं तिला जमलं असतं तर कदाचित तिलाच बरं वाटलं असतं. दोरा दाताने तोडला आणि जाकीट पुढे केलं.

"सन्माननीय सदस्यांनी ओढून बघावं."

हसरी हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय. मग तिने रेडिओच्या तोंडाकडे बघितलं, आणि ती सलामी देणारी दातांची रांग एकेक करून आत गेली. तिने बटण ओढलं. हललं नाही.

"अगं, असं काय," ती म्हणाली. "माझ्याशी पण?"

रेडिओने वही उघडली, खडूच्या रेघेच्या आत नीट बसवली आणि मान खाली घातली. हसरी दारात थांबली. एखादं "अगं" तरी येईल म्हणून.

ती गेल्यावर गल्लीतली एक चौकस शेजारीण, जिला असल्या गोष्टी खिडकीतून आपोआप दिसतात, लगबगीने दुकानात शिरली आणि विचारलं, "काय गं, काय म्हणत होती ती?"

"बटण सुटलं होतं," रेडिओ म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच झालं. मी काय करू?"

आणि पहिल्यांदाच, शिंप्याच्या लेकीने एक बातमी अर्धी ठेवली.